सन राच्या शंभरावर तबकड्या: सुरुवात कुठून, क्रम कोणता, प्रत कुठली?

उत्तररात्र

मंडळी, अमेरिकी जाझ संगीतकार सन राच्या (१९१४–१९९३) आल्बमांच्या रानातून वाट कशी काढायची, हे जाणकारांना विचारायचे आहे. 'लँक्विडिटी' फार आवडली. तिच्या भरवशावर 'द मॅजिक सिटी' लावली, तर हा तोच माणूस यावर विश्वास बसेना.

'स्पेस इज द प्लेस' नावाचे दोन आल्बम दिसतात आणि दोन्हींतली गाणी वेगळी आहेत. खरा कोणता? 'एंजल्स अँड डीमन्स ॲट प्ले' १९६५ चा म्हणतात, मग त्याची दुसरी बाजू इतकी जुनी का वाटते? एकच आल्बम एका ठिकाणी स्वच्छ आणि दुसऱ्या ठिकाणी विहिरीतून आल्यासारखा ऐकू येतो. त्यात मूळ ध्वनिमुद्रण किती आणि प्रतीचा दोष किती, हे ओळखायचे कसे? आणि दहा-बारा तबकड्यांत सगळा माणूस समजेल अशी निवड करता येईल का? एलिंग्टन, कोल्ट्रेन परिचयाचे आहेत. फुकट उतरवण्याचे मार्ग नकोत, विकत घ्यायची तयारी आहे.

पितळी_सूर

तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांचे मूळ एकच आहे. प्रकाशनाचे वर्ष धरून सन रा ऐकायला घेतला की हमखास चुकामूक होते. ध्वनिमुद्रण कुठे आणि कधी झाले ते धरा.

कारण असे. पन्नाशीच्या दशकात शिकागोत सन रा आणि ॲल्टन अब्राहम यांनी 'एल सॅटर्न' ही स्वतःची कंपनी काढली. तालमी, कार्यक्रम, सगळे टेपवर साठत जायचे. हाती पैसे आले की त्यातली दोन बाजू भरतील एवढी गाणी काढून थोड्या प्रती छापायच्या आणि बहुतेक कार्यक्रमाच्या जागीच विकायच्या, अशी पद्धत. साहजिकच टेपा वर्षानुवर्षे पडून राहिल्या. 'कॉस्मिक टोन्स फॉर मेंटल थेरपी' वाजवली १९६३ साली, बाहेर आली १९६७ ला. 'साउंड सन प्लेझर' १९५९ ची, आली १९७० ला. 'बॅड अँड ब्यूटिफुल' १९६१ ची, आली १९७२ ला. तुमच्या 'एंजल्स अँड डीमन्स'ची पहिली बाजू १९६० ची आहे, दुसरी थेट १९५६ ची. कानाने बरोबर पकडलेत.

म्हणून तीन शहरे लक्षात ठेवा: १९६१ पर्यंत शिकागो, १९६१ ते ६८ न्यूयॉर्क, पुढे अखेरपर्यंत फिलाडेल्फिया. कुठलीही तबकडी हाती आली की आधी ती कुठल्या शहरातली ते बघायचे. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

शिकागोचा सन रा मोठ्या बँडचा माणूस आहे. १९४६-४७ मध्ये तो फ्लेचर हेंडरसनच्या बँडमध्ये पियानो वाजवत होता आणि ते वळण शेवटपर्यंत सुटले नाही. एलिंग्टन ऐकलेल्याने इथूनच शिरावे. पहिली तबकडी 'जाझ इन सिलूएट', ६ मार्च १९५९ चे ध्वनिमुद्रण. आठ रचना, एकही वाया नाही. 'एन्शंट एथिओपिया' ही रचना मुद्दाम दोनदा ऐका: स्वरसंगती जवळजवळ हलतच नाही, खाली ढोल एकाच चालीत चालू राहतात आणि वर बासऱ्या आणि ट्रम्पेट. पुढच्या दहा वर्षांचे बी त्या नऊ मिनिटांत आहे. दुसरी 'सुपर-सॉनिक जाझ', १९५६. तिची सुरुवातच 'इंडिया' नावाच्या रचनेने होते आणि त्या काळी जाझमध्ये विरळाच असलेला विजेवरचा पियानो तिच्यात आहे. तिसरी 'इंटरस्टेलर लो वेज', मुख्यतः १९६० ची. 'रॉकेट नंबर नाइन' इथले.

न्यूयॉर्कमध्ये माणसे कमी, पैसे कमी, पण ध्वनिमुद्रणाचे यंत्र सतत हाताशी. इथे तो खऱ्या अर्थाने प्रयोगाला लागतो. क्रम असा ठेवा: 'कॉस्मिक टोन्स' (१९६३), मग 'द हेलिओसेंट्रिक वर्ल्ड्स ऑफ सन रा'चा पहिला भाग (२० एप्रिल १९६५), त्यानंतर 'द मॅजिक सिटी' (१९६५), शेवटी 'ॲटलांटिस' (१९६७ च्या सुमाराची). 'मॅजिक सिटी' थेट लावली म्हणून तुम्ही बिचकलात. तिची शीर्षक रचना २७ मिनिटांची, सलग आहे. ठरलेली धून धरायला मिळत नाही, वादकांचे गट इशाऱ्यावर आत येतात आणि बाहेर जातात. 'हेलिओसेंट्रिक'मध्ये हीच रीत छोट्या तुकड्यांत आहे. कान तिथे तयार करून मग मोठ्या रचनेकडे वळा. मॅजिक सिटी हे त्याच्या जन्मगावाचे, अलाबामातल्या बर्मिंगहॅमचे टोपणनाव.

तिच्यात जो पातळ, कापत जाणारा सूर सतत ऐकू येतो, तो क्लॅव्हिओलिनचा. आपल्या कानाला हे वाद्य मुळीच परके नाही. १९५४ च्या 'नागिन' चित्रपटातली बीन कल्याणजींनी ह्याच वाद्यावर वाजवली होती. एका वेळी एकच सूर निघणारे हे छोटे कळफलकाचे वाद्य. ते डोक्यात ठेवून 'मॅजिक सिटी' पुन्हा लावा, धरायला दोरी मिळेल.

आता 'स्पेस इज द प्लेस'. दोन्ही खरे आहेत. एक ब्लू थंब कंपनीचा, ऑक्टोबर १९७२ मध्ये शिकागोत मुद्रित झालेला, १९७३ ला आलेला: पाच रचना, त्यातली शीर्षक रचना २१ मिनिटांची. दुसरा त्याच नावाच्या चित्रपटाचे संगीत, तेही १९७२ चेच, पण पहिल्यांदा १९९३ मध्ये सीडीवर आले: १६ छोटे तुकडे. आधी पाचवाला घ्या.

खरखर

आवाजाबद्दल सांगतो. सन राच्या बाबतीत खराब आवाजाचे तीन प्रकार आहेत आणि तिन्हींचा उपाय वेगळा.

पहिला प्रकार मुद्दाम केलेला. १९६१ नंतर न्यूयॉर्कमध्ये त्यांची तालमीची जागा होती 'कोरिओग्राफर्स वर्कशॉप'. तिथे ढोल वाजवणारा टॉमी हंटरच टेपरेकॉर्डरही सांभाळायचा. यंत्रातून बाहेर जाणारी तार त्याने परत आत येणाऱ्या खाचेत जोडली. टेपवर आवाज उमटवणारे हेड आणि तो लगेच ऐकवणारे हेड यांच्यात थोडे अंतर असते, त्यामुळे आवाज किंचित उशिरा परत येतो, पुन्हा उमटतो, पुन्हा परत येतो. पातळी जरा वाढवली की प्रतिध्वनी विझण्याऐवजी फुगत जातो. 'कॉस्मिक टोन्स'मधली 'ॲडव्हेंचर-इक्वेशन' आणि 'व्हेन एंजल्स स्पीक ऑफ लव्ह' हा अख्खा आल्बम ह्याच करामतीवर उभा आहे. तिथे विहीर ऐकू येते ती रचनेचाच भाग आहे. चांगली प्रत आणल्याने ती जाणार नाही, उलट जास्त खोल होईल.

दुसरा प्रकार: टेपच तशी. एकच माइक, खोलीत मागे बसलेला पियानो, झाकला गेलेला बास. 'वी ट्रॅव्हल द स्पेस वेज'च्या काही भागांत असे आहे. याला इलाज नाही. इक्वलायझरने वरचे सूर चढवू नका, फुसफुस वाढते आणि बास आणखी मागे पडतो.

तिसरा प्रकार प्रतीचा, आणि हाच टाळता येतो. युरोपात ध्वनिमुद्रणावरचा हक्क पूर्वी ५० वर्षांचा होता. २०१३ मध्ये तो ७० वर्षांवर नेला, पण जे आधीच मोकळे झाले होते ते मोकळेच राहिले. त्यामुळे १९६२ पर्यंत बाहेर आलेल्या शिकागोच्या तबकड्या तिथे स्ट्रीमिंगवर आणि स्वस्त सीडी-संचांत कोणीही छापू शकतो. 'चार अभिजात आल्बम' छापाच्या बऱ्याच संचांत मूळ टेप नसतेच, जुनी तबकडी वाजवून उतरवलेली असते.

ओळखायची युक्ती. शिकागोचे बरेचसे साहित्य मोनो आहे. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडा, स्टिरिओचे दोन वेगळे मोनो पट्टे करा, त्यातला एकच निवडून 'इन्व्हर्ट' लावा, मग दोन्ही एकत्र मिसळा. टेपवरून थेट आलेली मोनो प्रत असेल तर दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या, म्हणून एकमेकींना खोडतात आणि शांतता उरते. तबकडीवरून उतरवलेली असेल तर संगीत बरेचसे जाते, पण चरचर आणि टिकटिक मागे उरते, कारण खोबणीच्या दोन भिंतींवरची धूळ सारखी नसते. आणखी झटपट हवे तर फ्लॅक (आवाज न गमावता आकार लहान करणारा प्रकार) फाइलचा बिटरेट बघा. अस्सल मोनोचा बिटरेट नेहमीच्या स्टिरिओ फाइलच्या निम्म्याच्या आसपास येतो, कारण दुसऱ्या बाजूत साठवायला काही नसते. तो मोनो आल्बम असूनही भरघोस असेल तर शंका घ्या. मात्र शांतता उरली म्हणून प्रत चांगलीच, असेही नाही. तबकडीवरून उतरवून नंतर मोनो केलेल्या प्रतीही असतात. तेव्हा गाणे सुरू होण्याआधीचे दोन सेकंद हेडफोनवर ऐका: सुईची घरघर खालच्या सुरात असते, टेपची फुसफुस वरच्या.

खरेदी करताना सन राच्या वारसांच्या परवानगीने काढलेल्या प्रतीच घ्या. २०१४ च्या जन्मशताब्दीला जुन्या टेपांवरून नव्याने मास्टर केलेले बरेच आल्बम आले, ते बँडकँप या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावर फ्लॅकमध्ये मिळतात. नव्वदीच्या दशकातल्या एव्हिडन्स कंपनीच्या सीडी वापरलेल्या मिळाल्या तर अजूनही उत्तम. बँडकँपवर आपले कार्ड नाकारले गेले तर आधी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत का ते तपासा. २०२० पासून नवी कार्डे मुळात देशातल्या वापरापुरतीच चालू असतात.

चौथी_घंटा

पितळी_सूर, तुमचा क्रम योग्य आहे, पण 'लँक्विडिटी' आवडलेल्या माणसाला लगेच १९५९ मध्ये नेऊ नये असे माझे ठाम मत आहे. 'लँक्विडिटी' १७ जुलै १९७८ ला न्यूयॉर्कच्या व्यावसायिक स्टुडिओत एका दिवसात झाली. गिटार, विजेवरची वाद्ये, संथ ठेका, वर पितळी वाद्यांचा जाड थर. असा नितळ आवाज त्याच्या बाकी कामात फार थोड्या ठिकाणी आहे, म्हणून ती आवडलेल्यांची पुढच्याच पावलाला निराशा होते. दोष ऐकणाऱ्याचा नसतो, उडीच मोठी पडते.

'स्लीपिंग ब्यूटी' (१९७९) घ्या. तीनच रचना, शीर्षक रचनेला पूर्ण एक बाजू. तोच संथपणा, पण माणसे जास्त मोकळी वाजवतात. मग त्याच वर्षीची 'ऑन ज्युपिटर'. तिथून 'डिस्को ३०००', मिलानमध्ये २३ जानेवारी १९७८ ला चौघांनीच वाजवलेली: सन रा, टेनर सॅक्सोफोनवर जॉन गिलमोर, ट्रम्पेटवर मायकेल रे आणि ढोलांवर लुकमान अली. क्रुमार ऑर्गनमधल्या यांत्रिक ठेक्यावर पाऊण बाजू उभी राहते आणि मध्येच 'स्पेस इज द प्लेस'चा गजर येतो. 'लँक्विडिटी'च्या आधी सहा महिने हा माणूस हे करत होता, हे कळले की 'मॅजिक सिटी' परकी वाटत नाही. मागे जायचे ते असे, पायरीपायरीने.

आणि एक तरी प्रत्यक्ष मैफिलीची तबकडी हवीच, तुमच्या यादीत ती नाही. 'सनराइज इन डिफरंट डायमेन्शन्स', स्वित्झर्लंडमधल्या विलिसाउ इथली, २४ फेब्रुवारी १९८०. तिच्यात हेंडरसनच्या काळातले 'येह मॅन' आणि 'बिग जॉन्स स्पेशल' आहे आणि त्याच बैठकीत कानठळ्या बसवणारे सामूहिक वादनही. हे दोन वेगळे सन रा नव्हेत. त्या काळच्या कार्यक्रमांत आधी ढोल, मग मार्शल ॲलनचे आल्टो सॅक्सोफोन, जून टायसनचे गायन, जुन्या स्विंग रचना, आणि शेवटी सगळा ताफा गात गात प्रेक्षकांमधून फिरायचा. दिंडी पाहिलेल्याला त्या शेवटच्या भागातली पुनरावृत्ती समजावून सांगावी लागणार नाही. ओळ एकच असते, ती घोळवत न्यायची असते.

पितळी_सूर

चौथी_घंटा, मान्य. 'स्लीपिंग ब्यूटी' आधी घेतली तर उत्तमच. मैफिलीची तबकडी सुटली ही माझी चूक.

फक्त १९७० नंतरच्या मैफिलींच्या ध्वनिमुद्रणांत फार खोल जाऊ नये, निदान पहिल्या वर्षी. ती डझनावारी आहेत आणि बऱ्याच ठिकाणी रचना त्याच. 'सनराइज'च्या जोडीला डिसेंबर १९७१ चे इजिप्तमधले ध्वनिमुद्रण पुरे, तिथे त्याचे मिनीमूग, म्हणजे छोटा सिंथेसायझर, अगदी मोकळे सुटले आहे. हे वाद्य बाजारात येण्याआधी त्याचा एक नमुना त्याला मिळाला होता. अखेरच्या काळातली 'मायन टेम्पल्स', जुलै १९९०, पक्षाघाताच्या आधीची. तिथे त्याचा पियानो स्पष्ट ऐकू येतो. नुसताच पियानो हवा असेल तर 'मोनोरेल्स अँड सॅटेलाइट्स', १९६६.

उत्तररात्र

फार मोलाची माहिती, आभार. दोन उपप्रश्न. फायलींची मांडणी कशी करायची? माझ्याकडे तोच आल्बम दोन-दोन नावांनी आलेला दिसतो. आणि 'स्ट्रेंज स्ट्रिंग्ज'चे नाव कोणीच घेतले नाही, ती वगळायची का?

खरखर

मांडणी. फोल्डरचे नाव आधी ध्वनिमुद्रणाच्या वर्षाने सुरू करा, कंसात प्रकाशनाचे वर्ष, मग शीर्षक: '१९६३ (१९६७) कॉस्मिक टोन्स'. टॅगमधल्या तारखेच्या रकान्यात ध्वनिमुद्रणाचे वर्ष भरा, प्रकाशनाचे टिप्पणीत. उलटे केले तर प्लेअर वर्षानुसार लावताना शिकागोच्या रचना सत्तरीच्या दशकात नेऊन ठेवतो. 'एंजल्स अँड डीमन्स'सारख्या दोन काळांच्या तबकडीत प्रत्येक गाण्याला वेगळे वर्ष द्या.

दुहेरी नावे नेहमीची अशी: 'सन साँग' म्हणजेच १९५७ ची 'जाझ बाय सन रा', 'इंटरस्टेलर लो वेज' आधी 'रॉकेट नंबर नाइन टेक ऑफ फॉर द प्लॅनेट व्हीनस' होती, 'द न्यूबियन्स ऑफ प्लूटोनिया' आधी 'द लेडी विथ द गोल्डन स्टॉकिंग्ज', आणि सॅव्हॉय कंपनीची 'द फ्युचरिस्टिक साउंड्स' नंतर 'वी आर इन द फ्युचर' नावानेही निघाली. एव्हिडन्सच्या पुष्कळ सीडींत दोन आल्बम एकत्र आहेत, 'कॉस्मिक टोन्स'च्या सीडीत 'आर्ट फॉर्म्स ऑफ डायमेन्शन्स टुमॉरो' जोडलेली आहे. त्या दोन फोल्डरांत तोडून ठेवा.

बँडचे नाव सारखे बदलते: मिथ सायन्स, सोलर, ॲस्ट्रो इन्फिनिटी, इंटरगॅलॅक्टिक रिसर्च, पुढे आर्केस्ट्रा. कलाकाराच्या रकान्यात सगळीकडे फक्त 'सन रा' ठेवा, बँडचे पूर्ण नाव आल्बमच्या टिप्पणीत. सन राच्या मृत्यूनंतरचे, १९९५ पासून मार्शल ॲलनच्या नेतृत्वाखालचे काम, उदाहरणार्थ २०२० ची 'स्वर्लिंग', मात्र वेगळ्या नावाखाली ठेवा. स्ट्रीमिंगवर दोन्हींची सरमिसळ असते.

मूळ सॅटर्न तबकडी विकत घ्यायची वेळ आली तर वेष्टन आणि मधली चिठ्ठी यांवर विसंबू नका. वेष्टने हाताने रंगवलेली, कधी कोरी, चिठ्ठी एका आल्बमची आणि संगीत दुसऱ्याचे असे प्रकार आहेत. शेवटच्या खोबणीनंतरच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला क्रमांक विक्रेत्याकडून फोटोसह मागवा, दोन्ही बाजूंचा, आणि कँबेल-ट्रेंट यांच्या सन रा सूचीत तो जुळवा. क्रमांक द्यायला टाळाटाळ झाली तर व्यवहार सोडा.

चौथी_घंटा

'स्ट्रेंज स्ट्रिंग्ज' (१९६६) वगळू नका, पण दहाव्या क्रमांकाच्या आत घेऊ नका. फुंकून वाजवायची वाद्ये वाजवणाऱ्यांच्या हाती त्याने न येणारी तंतुवाद्ये दिली, तीही एकमेकांशी न जुळवलेली. जोडीला थरथरणारा पत्रा आणि भरपूर प्रतिध्वनी. सूर शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. जवळचा आवाज कुठला, लांबचा कुठला, दाट कुठे आणि विरळ कुठे, एवढेच धरा. आवाज नेहमीपेक्षा कमी ठेवा आणि हेडफोनऐवजी स्पीकरवर ऐका. वरच्या पट्टीतल्या तारा हेडफोनवर दहा मिनिटांत कान थकवतात.

पितळी_सूर

अकरा-बारा तबकड्या जमल्या की एक काम जरूर करा. आल्बम बाजूला ठेवून एकच रचना काळांतून धरा. 'रॉकेट नंबर नाइन' आधी 'इंटरस्टेलर लो वेज'वरची, १९६०: छोटा संच, माणसे ओरडत गातात, मध्ये गिलमोरचे टेनर, रॉनी बॉयकिन्सचा बास. मग ब्लू थंबच्या 'स्पेस इज द प्लेस'वरची, १९७२: तीच ओळ, पण जून टायसन आणि इतर गायिकांचा मेळ, विजेवरचा ऑर्गन, लय घट्ट. 'इमेजेस' ही रचना तर 'जाझ इन सिलूएट'वर आहे आणि त्याच १९७२ च्या आल्बमवरही. दोन्ही पाठोपाठ लावा आणि फक्त पितळी वाद्यांची मांडणी ऐका. धून तशीच राहते, तिच्या खालची जमीन हलते. एका आल्बमात १९५९, १९६० आणि १९७२ असे तिन्ही सापडतात, म्हणून पाच रचनांचा 'स्पेस इज द प्लेस' आधी घ्या म्हटले होते.

उत्तररात्र

आज 'स्लीपिंग ब्यूटी' आणि 'जाझ इन सिलूएट' घेतो. 'इमेजेस'च्या जोडीसाठी 'जाझ इन सिलूएट'ची मोनो प्रत घ्यावी की स्टिरिओ?

खरखर

पहिल्या ऐकण्याला मोनो. तीन बॅरिटोन-टेनरांचा थर मोनोत एकसंध उभा राहतो. वादक वेगवेगळे ओळखता यायला लागले की स्टिरिओ लावा, तेव्हा पॅट पॅट्रिकचे बॅरिटोन कुठे सुरू होते आणि कुठे थांबते ते नेमके कळेल.